तेल तापेपर्यंत

शनिवारी पाळणाघराला कुलूप लावताना ती नेहमीसारखी तीनदा मागे फिरली. एकदा गॅसचं बटण बघायला, एकदा तान्ह्यांच्या खोलीतली खिडकी बघायला, आणि एकदा उगीच. पाळणाघरातल्या जुन्या आयाबाई, ज्यांना सगळे नुसतं मावशी म्हणत, पायरीवर पिशवी घेऊन ताटकळत उभ्या होत्या.

"ताई, एक दिवस तुम्ही स्वतःलाच आत कोंडून घ्याल आणि वर कुलूप नीट लागलंय का म्हणून आतून बघत बसाल."

ती हसली, पण बघितल्याशिवाय तिचा पाय निघत नसे. पिटुकली झाल्यापासून तर भिंतीतल्या प्रत्येक बटणामागे तिला एक आग दबा धरून बसलेली दिसायची. पिटुकली सात महिन्यांची होती, आईबरोबरच रोज इथे यायची आणि तान्ह्यांच्या खोलीतला अकरावा पाळणा तिचा होता. बाकीचे दहा शेजारच्या कारखान्यातल्या आणि आसपासच्या कचेऱ्यांतल्या बायकांच्या पोरांचे. त्या सगळ्याजणी सकाळी आठच्या आत पोर हिच्या हातात देत आणि मागे न बघता पळत. न बघता, कारण ताई बघते हे त्यांना ठाऊक होतं.

त्या शनिवारी बघायला एक गोष्ट जास्त होती. मागच्या अंगणात जाळीच्या कुंपणाआड दोन कपाटांएवढं नवं यंत्र येऊन बसलं होतं. जुना बॉयलर गळायला लागला म्हणून तो कापून भंगारात दिला होता आणि त्याच्या जागी हा हीट पंप. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घ्यायची आणि फरशीखालच्या नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याला द्यायची, असं त्याचं काम. मावशींना हे काही केल्या पटत नव्हतं.

"गारठलेल्या हवेतून ऊब काढणार? मग माझ्या सुनेच्या बोलण्यातून थोडा गोडवा काढून द्या म्हणावं."

यंत्र बसवणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत, कारण विचारा न विचारा, तो समजावून सांगे. शनिवारी दिवसभर खपून त्याने नळ्यांत पाणी भरलं, ठिकठिकाणची चावी सैल करून आत अडकलेली हवा फुसफुसत बाहेर काढली, पाण्याचा पंप फिरवून पाहिला. निघताना दारात उभा राहून तो बरंच काही बोलला. तेव्हा पिटुकली तिच्या कडेवर आकांत करत होती, दात येत होते. तेल, गरम, पूर्ण दिवस, असं काहीबाही तिच्या कानावरून गेलं. शेवटचं वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं.

"सोमवारी मी येऊन सुरू करून देतो. तोवर मशीन बंदच असू द्या, ताई. कुणी हात लावायचा नाही."

मास्तर गेल्यावर ती अंगणात गेली. यंत्राच्या पेटीवर एक बारीक लाल दिवा जळत होता. म्हणजे काहीतरी चालू होतं. शेजारच्या भिंतीवर हाताएवढा दांडा होता, वरच्या टोकाला 'चालू', खालच्या टोकाला 'बंद'. दांडा जड होता. तिने पिटुकलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जोर लावून तो खाली ओढला. दिवा विझला. दीड दिवस रिकाम्या इमारतीत एवढं मोठं धूड विजेवर ठेवायचं म्हणजे काय! ती निर्धास्त घरी गेली.

सोमवारची सकाळ त्या वर्षातली सगळ्यात गार निघाली. साडेसहाला तिने दार उघडलं तेव्हा तान्ह्यांच्या खोलीत तेरा अंश होते. फरशीवर पाय ठेवला की मोज्यातून झिणझिण्या येत. पिटुकलीला तिने दोन दुपट्यांत गुंडाळून पाळण्यात ठेवलं. पोरीच्या छातीत आदल्या रात्रीपासून एक बारीक शिट्टी वाजत होती, झोपेत जास्त. मग ती अंगणात गेली आणि दांडा वर केला. दिवा लागला. आपल्या वाटणीची तयारी झाली असं तिला वाटलं.

मास्तर साडेसातला आला, नाक लाल, हातात हत्यारांची पेटी. त्याच्यामागून पाळणाघराच्या संचालिका आल्या, मोठ्या बाई. त्या एरवी अंगणात पाऊल टाकत नसत, पण आज गळ्याभोवती लोकरीची शाल घट्ट आवळून जाळीपाशी उभ्या राहिल्या.

"मास्तर, आठला पोरं यायला लागतील. खोल्या बर्फ झाल्यात."

"होतंय, बाई. लग्न लागायच्या आधी नवऱ्या मुलाला घोड्यावरून पाडायचं नसतं."

तो शांतपणे एकेक गोष्ट बघू लागला. विजेच्या तिन्ही तारा बरोबर क्रमाने जोडल्यात का, नाहीतर आतली चक्की उलटी फिरते. पाणी खरंच वाहतंय का, नाहीतर उष्णता घेऊन जायला कुणीच नसतं आणि आतला दाब चढून यंत्र बंद पडतं. ती दारात उभी राहून ऐकत होती. कान अर्धे त्याच्याकडे, अर्धे तान्ह्यांच्या खोलीकडे.

मग मास्तर गुडघ्यावर बसला. पत्र्याचं झाकण उघडून त्याने आतल्या एका जाड काळ्या डेऱ्यासारख्या वस्तूच्या बुडाला तळवा लावला. आई पोराचं अंग बघते तसा.

"हं," तो म्हणाला. पुन्हा हात लावला. "गार वाटतंय. वारा फार आहे, त्याने असेल." आणि मान वळवून तिला विचारलं, "ताई, शनिवारपासून लाइट गेली नव्हती ना?"

"लाइट नाही गेली," ती म्हणाली.

शब्दन्‌शब्द खरं होतं ते.

मास्तरने झाकण तसंच ठेवून मोठ्या बाईंना समजवायला घेतलं. हा कॉम्प्रेसर, याचं काळीज. याच्या पोटात तेल असतं. यंत्र थांबलेलं असताना आतला वायू सगळ्यात गार जागा शोधतो आणि त्या तेलात मुरून बसतो, पाण्यात साखर मुरावी तसा. म्हणून पोटाला हा हीटरचा पट्टा गुंडाळलेला. तो आधी चोवीस तास तापत राहिला की वायू तेलातून निघून जातो. "आणि पट्टा तापला नसताना सुरू केलं, तर? दूध उतू जातं ना, तसं. आतला दाब उतरला की मुरलेला वायू एकदम उसळतो, तेलाचा फेस होतो, तेल निघून जातं, आणि लोखंडावर लोखंड कोरडं घासतं. मिनिटभरात खेळ खलास. पण आपला पट्टा शनिवारपासून चालू आहे, तेव्हा..."

त्याने पेटीवरच्या हिरव्या बटणाकडे बोट नेलं.

शनिवारी विझलेला दिवा तिला आठवला. तो लाल दिवा पट्ट्याचा होता. पुढच्या दारी पहिली गाडी थांबल्याचा आवाज आला, कुणाचं तरी पोर किरकिरत होतं. आतून पिटुकली खोकली. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं तर पाच मिनिटांत पाणी तापायला लागलं असतं, कदाचित. कदाचित काही झालंही नसतं. यंत्र मोडलं असतं तरी ते कशाने मोडलं हे कुणाला कळणार होतं?

"मास्तर, थांबा." ती दारातून पुढे आली. "मी शनिवारी तो दांडा खाली ओढला होता. आज साडेसहाला वर केला."

बोट हवेतच थांबलं.

"कुठला? हा?"

"तुम्ही म्हणालात, मशीन बंद ठेवा."

मास्तर हत्यारांच्या पेटीवर बसला. टोपी काढली, डोकं खाजवलं. ओरडेल असं तिला वाटलं होतं, तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणालो खरा," तो म्हणाला. "पण ताई, आमच्यात बंद म्हणजे सुरू करायचं नाही. वीज तोडायची नाही."

"आमच्यात बंद म्हणजे बंद," दारातून मावशी म्हणाल्या. "कपाट बंद, तोंड बंद, सगळं एकच."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं. रागापेक्षा ते न कळल्यासारखं होतं. इमारतीतल्या एवढ्या माणसांत ही चूक हिच्या हातून व्हावी, असं.

"जरा वेळच चालवून बघा की," त्या मास्तरला म्हणाल्या. "थोडं गरम झालं की थांबवा."

"बाई, मोडलं तर पहिल्याच मिनिटाला मोडेल, थांबवायला वेळच मिळणार नाही. आणि नवा कॉम्प्रेसर यायला दीड महिना. तोवर पाळणाघर उघडता येणार नाही." तो उठला. "उद्या साडेसहा. त्याआधी मी बटणाला हात लावणार नाही, मला कामावरून काढा हवं तर. आज एक दिवस गारठ्यात काढायचा का सगळी थंडी, एवढंच ठरवायचंय."

ठरवण्यासारखं काही नव्हतंच. एक दिवस गारठ्यात काढायचा होता.

कारखान्यातल्या आणि कचेऱ्यांतल्या सहा आया पोरांना परत घेऊन गेल्या. कुणी कपाळाला आठ्या घालून, कुणी फोनवर साहेबाची मनधरणी करत. उरली पाच पोरं, त्यात एक पिटुकली. पाचांना त्यांनी मावशींच्या लहानशा खोलीत हलवलं. मोठ्या बाईंनी घरून दोन विजेचे हीटर मागवले. दोन्ही लावले की भिंतीतलं बटण खटकन पडायचं आणि अंधार व्हायचा. एकच लावला की खोलीचा एक कोपरा तापायचा आणि चार पोरं गार राहायची. शेवटी एक हीटर आणि पाळणे घड्याळाच्या काट्यासारखे फिरवत राहायचे, असं सुरू झालं. दर दहा मिनिटांनी एक पोर उबेत.

सगळ्यात उशिरा जी आली ती कारखान्याच्या पॅकिंग खात्यातली. तिचा मुलगा पाच महिन्यांचा, गोल, गप्प, सगळे त्याला गुंड्या म्हणत. तिला सगळं सांगितल्यावर ती दारातच उभी राहिली, पोर छातीशी धरून.

"मला परत नेता येणार नाही, ताई. घरी कोण आहे? आणि पॅकिंगच्या फिरत्या पट्ट्यावर माझी जागा अर्धा तास रिकामी राहिली तर तिथे दुसरी उभी असेल."

"ठेव ना. मी आहे."

"तुम्ही आहात म्हणूनच तर..." तिने गुंड्याच्या कानावरून टोपी खाली ओढली. "तुम्ही तर आमच्या पोरांच्या नाकातला शेंबूडसुद्धा मोजून ठेवता. मग दांडा कसा हो दिसला नाही?"

दिसला होता, हीच तर गोष्ट होती. दिसला म्हणूनच ओढला. पण हे सांगून काय होणार? तिने पोराला हातात घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मास्तरने कॉम्प्रेसरच्या पोटाला एक बारीक तार चिकटवून तिचं टोक एका छोट्या पडद्याला जोडलं होतं, त्यावर आकडा दिसे. "हवा आहे तीन अंश. पोट निदान वीसवर जाऊन तिथेच टिकायला हवं. तरी मी चोवीस तासच धरणार," तो सांगून दुसऱ्या कामावर गेला होता. दहा वाजता आकडा नऊ होता. अकराला बारा. साडेअकराला वारा सुटला, पुन्हा अकरा. दर अर्ध्या तासाने ती अंगणात धावायची, आकडा वाचायची, परत यायची. वाचून आकडा वाढत नव्हता, पण न वाचता बसणं तिला जमत नव्हतं. एकदा तर तिने पिटुकलीचं जाड दुपटं नेऊन त्या काळ्या पोटाभोवती गुंडाळायला घेतलं आणि भीती वाटून मास्तरला फोन लावला.

"अजिबात नको," तो ओरडला. "पट्टा जळेल. ताई, पोर नाही ते. त्याला त्याच्या वेळेने तापू द्या."

पोर नव्हतंच ते. पोर आत होतं आणि त्याच्या छातीतली शिट्टी आता जागेपणीही ऐकू येत होती. तिने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले, औषध सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "बाकी काही नाही, उबेत ठेवा फक्त."

"हो," ती म्हणाली.

पाळणे फिरवताना तिने एक लबाडी केली. पिटुकलीची पाळी दहाऐवजी पंधरा मिनिटं ठेवली. मावशींनी घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि गुंड्याचा पाळणा पुढे सरकवला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानंतर तिने पिटुकलीला पाठीशी बांधलं आणि हीटरपासून लांब उभी राहिली. आपल्या अंगाची ऊब तरी कुणाच्या वाटणीची नव्हती.

चार वाजता आकडा सतरा झाला. पाचला सोळा. संध्याकाळी एकेक आई आली तसं तिने प्रत्येकीला स्वतः सांगितलं, माझी चूक, उद्या सकाळी सुरू होईल. "नक्की?" असं एकीने विचारलं. नक्की म्हणायला तिची जीभ उचलेना. मास्तरने जाताना सांगून ठेवलं होतं, चोवीस तास झाल्यावरसुद्धा सुरू करून बघेपर्यंत काही खरं नाही.

मंगळवारी सकाळी नवऱ्याने रजा टाकली. "पोरगी घरी राहू दे," तो म्हणाला. "तिथे अजून गारच असेल ना?" त्यात चुकीचं काहीच नव्हतं. औषधाने शिट्टी जरा कमी झाली होती. तिने पिटुकलीच्या कपाळावर ओठ टेकले, ताप नाही याची खात्री केली, आणखी एकदा केली, आणि एकटीच निघाली.

अंगणात मास्तर आधीच येऊन बसला होता. आकडा तेवीस. साडेसहा वाजून गेल्यावरही त्याने मुद्दाम दहा मिनिटं जाऊ दिली. मग हिरवं बटण दाबलं. आधी पाण्याचा पंप घुरघुरला. मग वरचे पंखे हळूहळू फिरायला लागले. मग काहीच नाही.

"मोडलं?" ती म्हणाली.

"थांबतो तो. तीन मिनिटं. पाणी वाहतंय, सगळं ठीक आहे, याची स्वतःची खात्री करून घेतो. तुमच्यासारखाच आहे."

तीन मिनिटं तिने जाळीला धरून काढली. मग आत कुठेतरी खोल एक धडक बसली आणि एक जाड, सलग घुमणं सुरू झालं. मास्तर पोटाशी वाकून एका काचेच्या लहानशा गोल खिडकीत विजेरी मारून बघत होता. तेलावर थोडा फेस आला. वाढला. मग फेस बसला, तेल पिवळं आणि निवळ दिसू लागलं.

"वाचला," मास्तर म्हणाला.

थोड्या वेळाने यंत्रातून पांढऱ्या वाफेचा लोट उठला तेव्हा ती किंचाळलीच. मास्तर पोट धरून हसला. बाहेरच्या जाळीवर दंव गोठतं, ते वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं, दिवसातून अनेकदा चालेल, प्रत्येक वेळी ओरडाल तर घसा बसेल. तीही हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा.

"मग आता आठपर्यंत खोल्या तापतील?"

मास्तरचं हसू ओसरलं. "नळ्या फरशीखाली, वर चार बोटं सिमेंट. दोन दिवसांचा गारठा आहे त्यात मुरलेला. दुपार होईल. संध्याकाळही होईल. घाई करता येत नाही, ताई, याला आगीची धग नसते."

आठला फोन वाजत राहिला. आज सासूबाईंकडे ठेवलंय. आज रजा घेतलीय. बघू, उद्या कळवते. सगळ्याजणी गोड बोलल्या. नऊ फोन झाले. तिने प्रत्येकीला यंत्र सुरू झाल्याचं सांगितलं आणि प्रत्येकीने "हो का, छान" म्हटलं.

पॅकिंगवाली आली. फोनवर नाही म्हणायला तिच्याकडे पोर ठेवायची दुसरी सोय असावी लागली असती. गुंड्या तीन कपड्यांत गुंडाळलेला, नाक वाहत होतं.

"रात्रभर झोपला नाही," ती म्हणाली. "झालं सुरू?"

"झालं. ऐक ना आवाज. दुपारपर्यंत फरशी गरम होईल."

पॅकिंगवालीने आवाज ऐकला नाही. ती तान्ह्यांच्या खोलीत गेली, खाली वाकली आणि फरशीवर तळवा टेकला. बराच वेळ तसाच ठेवला. तो उचलल्यावर तिने तो स्वतःच्या गालाला लावला. मग ओळीने लावलेल्या पाळण्यांवरून तिची नजर फिरली आणि टोकाच्या पाळण्यावर थांबली. त्यात चादर नीट घडी घालून ठेवलेली होती.

"तुमची कुठंय?"

"घरी. बाबाजवळ."

"ताप आलाय?"

नाही म्हणायला हवं होतं, कारण नव्हता. हो म्हटलं असतं तर या बाईला जरा बरं वाटलं असतं, हे तिला कळत होतं. तिने त्या पाळण्यातली चादर उगीच सरळ केली. पॅकिंगवाली तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला काय ते समजलं.

कारखान्याचा भोंगा झाला.

पॅकिंगवालीने गुंड्याचा वरचा कोट काढला नाही. तसाच तो तिच्या हातात दिला. आज ती दारात थांबली, मागे वळून बघितलं, दोन पावलं पुढे गेली आणि पुन्हा बघितलं. मग पळाली.

ताईने गुंड्याला पाळण्यात ठेवलं नाही. भिंतीला पाठ लावून ती फरशीवर बसली, पोराला पोटाशी घेतलं आणि त्याच्या पाठीवर दोन्ही हात पसरले. खिडकीबाहेर यंत्र एका सुरात घुमत होतं. फरशी अजून गारच होती.